काचेची पट्टी

त्सिआला बाईंच्या पिशवीत तीन वस्तू:
ओळंबा, पेन्सिल,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या,
बोटाएवढ्या, फुंकर मारली तरी तुटतील अशा.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
तरी तिबिलिसीचा हा चढ बाई नुसता चढत नाहीत.
वाचत चढतात.
मागून मी, नगरपालिकेची नवी उमेदवार,
वही छातीशी धरून, धापा टाकत.

"ती पिवळी नळी बघ. गॅसची.
पुरायला पैसे नव्हते, म्हणून हवेतून नेली.
दर फाटकाशी कशी वर चढते,
ट्रक जावा म्हणून,
आणि पलीकडे पुन्हा उतरते."
मी लिहिते: नळी. फाटक. ट्रक.
नळीवर कुणी द्राक्षाचा वेल सोडलाय.
"हे नको लिहूस. नियमात बसत नाही."
चार पावलांनंतर:
"गोड असतात पण."

विटांच्या भिंतीवर लोखंडी फुली.
मला वाटलं, नक्षी.
"आत गज आहे, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तिकडच्या भिंतीवर दुसरी फुली.
दोघी एकमेकींना ओढून धरतात,
तोंड न बघता."
आणि ती तिसऱ्या मजल्यावरची काचेची खोली,
चार लाकडी टेकूंवर अधांतरी?
"नकाशात नाही ती.
जावई घरजावई झाला, त्या उन्हाळ्यात उगवली."

लिफ्टला नाणं लागतं. बाईंकडे नाणं असतं.
तरी जिन्याने.
कुठली पायरी कुठे झिजली, ते बघायचं असतं म्हणे.

वाझा दारातच उभा, हातात हातोडा.
आई सहा महिने मागच्या खोलीत पडून आहे,
तिला पलंगावरून अंगण दिसावं,
एवढी एक भिंत काढायची.
एवढी एक.
भिंतीला कान असतात म्हणतात;
बाईंनी आपला कान भिंतीला लावला,
बोटांच्या पेरांनी वाजवलं.
भरीव. वर भरीव, खाली भरीव.
"ही नाही, बाळा. हिच्या डोक्यावर दोन मजले आहेत."
वाझाने हातोडा खाली ठेवला,
इतका हळू, की जणू तोही काचेचा.

आम्ही निघणारच होतो.
पण बाईंची नजर दुसऱ्या भिंतीवर अडली,
कपाटामागच्या. गिलाव्यात केसाएवढी रेघ,
उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी.
कपाट सरकवलं. वाजवलं.
पोकळ.
"इथे दार होतं."
वाझा म्हणाला, मला तर आठवत नाही.

पलंगावरून आवाज आला:
"मीच बुजवायला लावलं."
मझेविनार आजी. आम्हाला वाटलं होतं, झोपल्यात.
"पलीकडे माझा दीर. इलारिओन.
एका शिलाई मशीनवरून."
पुढे काही बोलल्या नाहीत.

बाईंनी वहीसाठी पुन्हा एकदा वाजवलं,
चौकट नेमकी कुठे संपते ते कळावं म्हणून,
दोनदा.
पलीकडून दोनदा वाजलं.

कुणी काही बोललं नाही.
खाली अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"तुमच्याकडे ती पट्टी असते ना,"
आजींनी विचारलं,
"भेगेवर लावता, भिंत हलली तर तुटते ती?"
असते, बाई म्हणाल्या.
पण ही भेग तसली नव्हे. ही हलायची नाही.
"लावा."

आता नियमात बसतं का, मी विचारलं नाही.
वाझाने चहाच्या वाटीत प्लास्टर कालवलं,
मी दोन टोकं दाबून धरली
आणि ओल्यातच खिळ्याने तारीख कोरली.
बोटं पांढरी झाली होती.
"पुढच्या महिन्यात येऊन बघ," बाई म्हणाल्या,
आणि जिना उतरताना सगळ्या पायऱ्या
मोठ्याने मोजल्या,
एकदा चुकून,
पुन्हा पहिल्यापासून.